मुक्याचा कौल कोणीं द्यावा?

अमेरिकेंतील न्यायमूर्ति बेंजामिन कार्डोझो यांनीं न्यूयॉर्कच्या एका खटल्यांत १९१४ सालीं एक तत्त्व सांगून ठेविलें. वयांत आलेल्या व शाबूत मनाच्या प्रत्येक मनुष्यास आपल्या देहाचें काय करावयाचें हें ठरविण्याचा हक्क आहे, असा त्या तत्त्वाचा आशय. रोग्याच्या संमतीवांचून शस्त्रवैद्यानें सुरी लावूं नये हा आजच्या वैद्यकींतील नियम त्याच विचारावर उभा आहे, आणि औषध नको म्हणण्याचा अधिकारहि त्याच विचारांतून निघतो. परंतु या तत्त्वाला दोन कुंपणें आहेत. 'वयांत आलेला' हें एक आणि 'शाबूत मनाचा' हें दुसरें. वयांत न आलेल्याचा प्रश्न बहुधा आईबाप सोडवितात. पण ज्यानें वयाची साठी ओलांडली आहे आणि ज्याची समजूत मात्र तीन वर्षांच्या मुलाएवढीहि नाहीं, अशा मनुष्याच्या उशाशीं मृत्यु येऊन उभा राहिला, तर त्याच्या वतीनें हो किंवा नाहीं कोणीं म्हणावें? हा प्रश्न १९७६ सालीं मॅसेच्युसेट्स राज्यांतील न्यायालयापुढें आला. त्याचें जें उत्तर तेथें दिलें गेलें, त्यावरचा वाद पुढें अनेक वर्षें चालला.

त्या मनुष्याचें नांव जोसेफ सायकेविच. १९२३ सालापासून तो सरकारी संस्थांच्या आश्रयास होता, आणि १९२८ सालीं त्याची रवानगी बेल्चरटाऊन स्टेट स्कूल या संस्थेंत झाली. नांवांत शाळा हा शब्द होता खरा. पण ज्याला एकदां तेथें पोंचविलें, तो बहुधा शिकून बाहेर पडत नसे. या शब्दाचाहि एक इतिहास आहे. १८४८ सालीं याच राज्यांत, बॉस्टन शहरीं, डॉक्टर सॅम्युएल ग्रिडली हाऊ यांनीं बुद्धीची वाढ खुंटलेल्या मुलांसाठीं अमेरिकेंतील पहिली सार्वजनिक शाळा काढली. शिक्षणानें हीं मुलें आपल्या पायांवर उभीं राहतील, अशी त्यांची श्रद्धा होती. पुढें ही श्रद्धा ओसरली. शाळांचीं कोठारें झालीं. या माणसांपासून समाजाचें रक्षण केलें पाहिजे, त्यांची संतति वाढूं देतां कामा नये, असें शहाणेसुरते लोक उघडपणें बोलूं लागले. १९२७ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें व्हर्जिनिया राज्याचा सक्तीच्या नसबंदीचा कायदा वैध ठरविला. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ति ऑलिव्हर वेंडेल होम्स हे बॉस्टनचेच रहिवासी. बेल्चरटाऊनची संस्था १९२२ सालीं उघडली ती या वातावरणांत. जोसेफनें तेथें पाऊल टाकलें तें होम्स यांच्या त्या निकालानंतरच्या वर्षीं.

पुढच्या अर्धशतकांत त्या संस्थेंत काय चालें, तें १९७० च्या सुमारास वर्तमानपत्रांनीं उजेडांत आणलें. खच्चून भरलेल्या खोल्या, अस्वच्छता, अपुरे नोकर आणि दिवसभर रिकामीं बसलेलीं माणसें असें तें चित्र होतें. बेंजामिन रिची या प्राध्यापकांचा मुलगा तेथें होता. त्यांनीं १९७२ सालीं राज्यसरकारवर संयुक्त संस्थानांच्या न्यायालयांत दावा लाविला, आणि न्यायाधीश जोसेफ टॉरो यांनीं स्वतः जाऊन संस्था डोळ्यांनीं पाहिली. जोसेफ सायकेविचच्या आजाराची हकीकत ऐकतांना हा मागचा पडदा दृष्टीआड होऊं देतां कामा नये. ज्या सरकारनें त्याला अर्धें शतक संभाळलें, त्याच सरकारच्या हातून संभाळ कसा होतो याची चौकशी तेव्हां चालू होती.

१९७६ च्या एप्रिलमध्यें जोसेफ ६७ वर्षांचा होता. शरीरानें तो धडधाकट होता, हिंडतफिरत असे, आणि त्याची प्रकृति एकंदरीनें चांगली होती. त्याचा बुद्ध्यंक १० होता आणि मानसिक वय सुमारें २ वर्षें ८ महिने एवढें धरलें जात असे. त्या काळच्या सरकारी कागदांत अशा मनुष्यास 'मतिमंद' या अर्थाचा शब्द लावीत. आज त्या जागीं बौद्धिक दिव्यांगत्व असा शब्दप्रयोग केला जातो. त्याला बोलतां येत नव्हतें. हातवारे आणि घशांतील हुंकार एवढीच त्याची भाषा. ओळखीच्या जागेबाहेर नेलें कीं तो गोंधळून जाई व विरोध करी. त्याच्या दोन बहिणी हयात होत्या. त्यांना कळविण्यांत आलें, परंतु या प्रकरणांत पडण्याची त्यांची इच्छा दिसली नाहीं.

१९ एप्रिल रोजीं त्याला रक्ताचा तीव्र कर्करोग झाल्याचें निदान झालें. उपचार न केला तर आयुष्य कांहीं आठवड्यांचें, फार तर कांहीं महिन्यांचें. शेवट मात्र बहुधा वेदनारहित, असें डॉक्टरांचें मत होतें. उपचार म्हणजे केमोथेरपी, अर्थात् शिरेंतून दिलेलीं जहाल रासायनिक औषधें. त्या काळच्या अनुभवाप्रमाणें शंभरांपैकीं तीस ते पन्नास रोग्यांचा रोग अशा औषधांनीं तात्पुरता दबत असे, आणि ही सूट बहुधा दोनपासून तेरा महिन्यांपर्यंत टिके. साठी उलटलेल्या रोग्यांना औषध सोसत नसे व यशाची आशाहि कमी. शिवाय हीं औषधें रोगट पेशींबरोबर चांगल्या पेशीहि मारतात. मळमळ, मूत्राशयाचा दाह, हातापायांस मुंग्या, केस गळणें, रक्तक्षय आणि वाटेल तो संसर्ग होण्याची भीति हें सर्व ओघानें आलेंच. हे उपचार आठवड्यांमागून आठवडे चालावयाचे. जोसेफ स्वस्थ पडून राहणारा नव्हता. त्याचे हात बांधल्याशिवाय त्याला औषध देतां येणार नव्हतें, हें सर्वांस उमगलें होतें.

संस्थेचे अधीक्षक विल्यम जोन्स यांनीं २६ एप्रिलला न्यायालयाकडे अर्ज केला आणि या रोग्यासाठीं पालक नेमावा अशी विनंति केली. ५ मे रोजीं केवळ या कामापुरता एक पालक नेमण्यांत आला. त्यानें दुसऱ्याच दिवशीं आपलें म्हणणें सादर केलें. रोग बरा होणारा नाहीं, उपचारानें जी पीडा व भीति वाट्यास येईल ती जोसेफला समजणार नाहीं, सबब उपचार न करणें हेंच त्याच्या हिताचें आहे, असें तें म्हणणें होतें. १३ मे रोजीं सुनावणी झाली. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा कलहि त्याच बाजूचा होता. न्यायाधीशांनीं तराजूच्या दोन्ही पारड्यांत काय काय पडतें याची यादीच केली. उपचाराच्या बाजूस दोन गोष्टी होत्या : बहुतेक माणसें अशा प्रसंगीं उपचार पत्करतात, आणि उपचारानें आयुष्य वाढण्याचा संभव असतो. विरुद्ध बाजूस सहा होत्या : त्याचें वय, सहकार्य करण्याची त्याची असमर्थता, औषधाचे दुष्परिणाम, रोग दबण्याची अल्प शक्यता, तात्काळ होणारी निश्चित पीडा, आणि सहावी म्हणजे रोग दबला तरी त्याला लाभणाऱ्या जीवनाची प्रत. उपचार करूं नये असा हुकूम झाला. ९ जुलैस राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें तो हुकूम कायम केला व सविस्तर कारणें मागाहून देण्याचें ठरविलें. ४ सप्टेंबर १९७६ रोजीं फुप्फुसदाहानें जोसेफचा अंत झाला. त्यास वेदना झाल्या नाहींत, अशी नोंद आहे.

सविस्तर निकालपत्र २८ नोव्हेंबर १९७७ रोजीं प्रसिद्ध झालें, तेव्हां ज्याच्यासाठीं तें लिहिलें तो मनुष्य जाऊन वर्ष उलटलें होतें. न्यायमूर्ति पॉल लायकोस यांनीं त्यांत पहिली गोष्ट ही सांगितली कीं, उपचार नाकारण्याचा हक्क समजूतदार मनुष्यास जेवढा आहे तेवढाच समजूत नसलेल्यासहि आहे. माणसाची प्रतिष्ठा बुद्धीच्या मापानें कमीजास्त होत नाहीं. मग ज्याला हक्क बजावतां येत नाहीं त्याचा हक्क बजावावा कसा? न्यायालयानें उत्तर दिलें कीं, निर्णय करणारानें त्या मनुष्याच्या जागीं स्वतःस ठेवावें. शहाणा मनुष्य अशा वेळीं काय करील, बहुसंख्य लोक काय करतात, हा प्रश्नच नव्हे. हा एकटा जोसेफ, त्याच्या सर्व गरजांसह, त्याच्या सर्व भयांसह, क्षणभर बोलका व समजूतदार झाला असता आणि आपली समजूत पुन्हां जाणार आहे हेंहि त्याला ठाऊक असतें, तर त्यानें काय मागितलें असतें, हें शोधून काढावें.

आद्य शंकराचार्यांनीं अमरुक राजाच्या देहांत प्रवेश केल्याची आख्यायिका मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. न्यायालयानें सांगितलेली पद्धति म्हणजे कायद्यानें केलेला परकायाप्रवेशच होय. ही कल्पना मॅसेच्युसेट्समध्यें जन्मलेली नाहीं. १८१६ सालीं इंग्लंडांत हिंडे नांवाच्या वेड लागलेल्या गृहस्थाच्या संपत्तीचा प्रश्न चॅन्सेलर लॉर्ड एल्डन यांच्यापुढें आला होता. त्याच्या शिलकी उत्पन्नांतून गरजू नातलगांस मदत द्यावी कीं नाहीं, हा वाद. तो शुद्धीवर असता तर त्यानें काय केलें असतें, हें पाहून एल्डन यांनीं निर्णय दिला. एका धनिकाच्या पैशासाठीं काढलेली युक्ति एकशें साठ वर्षांनीं एका अकिंचनाच्या प्राणासाठीं वापरण्यांत आली. फरक एवढाच कीं, हिंडे एके काळीं शहाणा होता. त्याचा स्वभाव, त्याचे नातेसंबंध, त्याची दानत लोकांनीं पाहिलेली होती. जोसेफचें असें पूर्वायुष्य नव्हतें.

तरीहि निकालपत्रांतील एक विचार असा आहे कीं, तो टाळून पुढें जातां येत नाहीं. समजूतदार रोगी केमोथेरपीच्या यातना सोसतो, कारण त्या कशासाठीं आहेत हें त्याला ठाऊक असतें. उद्याच्या आशेवर तो आजचें दुःख गिळतो. जोसेफला उद्या हा शब्दच नव्हता. अनोळखी माणसें आपल्याला धरून ठेवतात, सुया टोंचतात, पोटांत ढवळून निघतें, आणि हें कां चाललें आहे तें कोणी सांगूं शकत नाहीं, एवढेंच त्याच्या अनुभवास आलें असतें. तेंच औषध आणि तोच रोग असूनहि दोघांच्या वाट्याला येणारी पीडा एक नव्हे. याचा विचार करणें म्हणजे बौद्धिक दिव्यांग मनुष्यास कमी लेखणें नव्हे. त्याच्या दुःखाकडे त्याच्याच बाजूनें पाहणें होय.

पण यादींतील सहावी गोष्ट, जीवनाची प्रत, ही धोक्याची होती व न्यायालयानें तो धोका ओळखला. खालच्या न्यायाधीशांनीं हे शब्द मतिमंद मनुष्याचें आयुष्य कमी मोलाचें या अर्थानें योजले असतील, तर ते आपणांस सर्वथा अमान्य आहेत, असें त्यानें बजावलें. उपचारानें उद्भवणाऱ्या सततच्या वेदना व गोंधळ एवढाच त्यांचा अर्थ घेतला. हा खुलासा अनाठायीं नव्हता. १९२० सालीं जर्मनींत कार्ल बिंडिंग हे कायदेपंडित आणि आल्फ्रेड होखे हे मानसरोगवैद्य यांनीं मिळून एक पुस्तक लिहिलें होतें, आणि जगण्यास अपात्र अशा जीवनाचा नाश करण्यास कायद्यानें मुभा असावी, असें त्यांत प्रतिपादिलें होतें. एकोणीस वर्षांनीं हिटलरच्या सहीचें १ सप्टेंबर १९३९ ही तारीख घातलेलें पत्र निघालें. हार्टहाइम, हाडामार, ग्राफेनेक इत्यादि सहा ठिकाणीं ऑगस्ट १९४१ पर्यंत सुमारें ७०,००० मनोरुग्ण व दिव्यांग माणसें विषारी वायूनें मारण्यांत आलीं. म्यून्स्टरचे बिशप गालेन यांनीं व्यासपीठावरून निषेध केला. त्या महिन्यांत वायूचीं केंद्रें थांबविण्याचा हुकूम सुटला, तरी उपाशी ठेवून व औषधें देऊन मारणें युद्ध संपेपर्यंत चालूच राहिलें. मारणाऱ्यांच्या अंगावर डॉक्टरांचे डगले होते आणि त्यांच्या तोंडीं दयेची भाषा होती. तेव्हांपासून, अशा मनुष्यास मरूं देणें बरें, असें जो कोणी म्हणेल, त्याला तें कोणाच्या बरेपणासाठीं, हें सांगणें भाग पडलें.

मॅसेच्युसेट्सच्या निकालावर जे आक्षेप आले, त्यांतला एक मुळावरच घाव घालणारा होता. ज्यानें आयुष्यांत कधीं मत बनविलें नाहीं, त्याच्या देहांत शिरून मत आणावयाचें कोठून? परकायाप्रवेश करणारा आपलेंच मन घेऊन आंत जातो आणि आपलाच आवाज त्याचा म्हणून ऐकवितो. दुसरा आक्षेप याहून बोंचक आहे. जोसेफ मुका होता हें खरें, पण त्याला संवाद शिकविण्याचा प्रयत्न किती झाला होता? त्याच बेल्चरटाऊनमध्यें १९६२ सालीं रूथ सिएन्केविच नांवाची एक मुलगी दाखल झाली. लहानपणच्या आजारानें तिचें अंग लुळें झालें होतें, वाचा नव्हती. तपासणाऱ्या डॉक्टरनें तिला जड बुद्धीची ठरविलें. तिची बुद्धि मात्र लख्ख होती. हो म्हणावयाचें झालें कीं ती डोळे वर करी. ही खूण कांहीं नोकरांच्या ध्यानांत येण्यास वर्षें लागलीं. पुढें शब्दफलकाच्या साहाय्यानें तिनें स्वतःची हकीकत सांगितली, आणि तिचें आत्मचरित्र १९८९ सालीं प्रसिद्ध झालें. जोसेफ रूथसारखा होता असें कोणी म्हणत नाहीं. परंतु ज्या कागदावर त्याची समजूत २ वर्षें ८ महिने अशी नोंदली होती, त्याच जातीच्या कागदावर रूथचीहि नोंद झाली होती. आणि अशा कागदाच्या भरंवशावर जीवनमरणाचा निकाल द्यावयाचा असेल, तर तो कागद कोणीं व कसा लिहिला हें आधीं विचारलें पाहिजे.

निर्णय कोणीं घ्यावा, याविषयीं तर डॉक्टर आणि न्यायाधीश यांच्यांत उघड खडाजंगी झाली. १९७६ च्या मार्चमध्यें न्यूजर्सी राज्यानें केरन क्विन्लन या बेशुद्ध तरुणीच्या बाबतींत कुटुंब, डॉक्टर व रुग्णालयाची समिति यांच्यावर भार टाकला होता. मॅसेच्युसेट्सनें तो मार्ग नाकारला. असे प्रश्न तटस्थ पण कळकळीच्या चौकशीनें सुटावयाचे, आणि ती चौकशी न्यायालयाचेंच काम, असें त्यानें म्हटलें. न्यू इंग्लंडच्या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक अर्नोल्ड रेलमन यांनीं १९७८ सालीं यावर कडक टीका केली. न्यायाधीश आतां वैद्य होऊं पाहतात, असा तिचा रोख होता. प्रत्येक मरणोन्मुख रोग्यासाठीं कचेरीची पायरी चढावी लागणार कीं काय, या धास्तीनें डॉक्टर गोंधळले. त्याच वर्षीं आणि पुन्हां १९८० सालीं तेथील न्यायालयांना खुलासे करावे लागले. मृत्यु अटळ असतां हृदय पुन्हां चालू करण्याचा खटाटोप करूं नये, एवढ्या आदेशासाठीं न्यायालयाची परवानगी नको, असें डिनरस्टीन प्रकरणांत ठरलें.

न्यूयॉर्कनें मात्र अगदीं उलट वाट धरली. जॉन स्टोरार हा ५२ वर्षांचा मनुष्य पांचव्या वर्षापासून सरकारी संस्थेंत होता. त्याचें मानसिक वय सुमारें दीड वर्षाचें. त्याला मूत्राशयाचा कर्करोग झाला. रक्तस्राव थांबेना, म्हणून दर आठपंधरा दिवसांनीं रक्त चढवावें लागे. तो सुईला भिई, धडपड करी. त्याला गुंगीचें औषध देऊन व हात धरून ठेवून रक्त द्यावें लागे. त्याची ७७ वर्षांची विधवा आई संस्थेजवळ राहात असे आणि जवळजवळ रोज त्याला भेटावयास जात असे. प्रथम तिनें रक्त देण्यास संमति दिली. पुढें मुलाचे हाल पाहून, आतां पुरे, असें ती म्हणाली. खालच्या दोन न्यायालयांनीं आईचें ऐकलें. ३१ मार्च १९८१ रोजीं, मुलगा मरण पावल्यानंतर, वरिष्ठ न्यायालयानें तो निर्णय फिरविला. हा मनुष्य सदाचा बालक आहे. तो समजूतदार असता तर काय म्हणाला असता, हा प्रश्न निरर्थक आहे. आणि बालकास रक्त नाकारून मरूं देण्याचा अधिकार आईबापांसहि नाहीं, असा तो निकाल होता. त्याच दिवशीं त्याच न्यायालयानें ब्रदर जोसेफ फॉक्स या ८३ वर्षांच्या धर्मबंधूच्या बाबतींत मात्र, कृत्रिम श्वासयंत्र काढणें योग्य होतें, असें ठरविलें. कारण आपल्याला असें यंत्रावर ठेवूं नये, हें फॉक्स यांनीं पूर्वीं स्पष्ट बोलून दाखविलें होतें.

हे दोन निकाल शेजारीं शेजारीं ठेवले कीं अडचण स्पष्ट दिसते. जो एकदां बोलला, त्याचें ऐकलें गेलें. जो कधींच बोलला नाहीं, त्याला उपचारांतून सुटका मिळण्याचा दरवाजाच बंद झाला. स्टोरारच्या आईला मुलाची नस आणि नस ठाऊक होती; पण कायद्याच्या दृष्टीनें तिच्या ज्ञानाला किंमत नव्हती. मॅसेच्युसेट्समध्यें कायद्यानें दार उघडें ठेविलें, तर तेथें जोसेफला ओळखणारें जवळचें माणूस नव्हतें. न्यूयॉर्कची ही स्थिति १९८१ पासून पुढें वीस वर्षांहून अधिक टिकली. २००२ सालीं राज्यानें स्वतंत्र कायदा केला, तेव्हां कुठें बौद्धिक दिव्यांग मनुष्याच्या पालकांस, ठराविक अटी पाळून, जीव लांबविणारे उपचार थांबविण्याची मुभा मिळाली.

मात्र या दाराची दुसरी बाजूहि ध्यानांत ठेवली पाहिजे. ९ एप्रिल १९८२ रोजीं इंडियाना राज्यांतील ब्लूमिंग्टन गांवीं डाऊन सिंड्रोम असलेलें एक मूल जन्मलें. त्याच्या अन्ननलिकेंत दोष होता व तो शस्त्रक्रियेनें दुरुस्त होण्याजोगा होता. आईबापांनीं शस्त्रक्रिया नाकारली, न्यायालयांनीं मध्यें पडण्याचें नाकारलें, आणि सहाव्या दिवशीं तें मूल गेलें. या घटनेचा गवगवा होऊन १९८४ सालीं अमेरिकेच्या विधिमंडळानें अशा अर्भकांच्या रक्षणार्थ बालछळाच्या कायद्यांत दुरुस्ती केली. इंग्लंडांत १९८१ सालीं आंतड्यांत अडथळा असलेल्या अशाच एका मुलीच्या बाबतींत आईबापांचा नकार बाजूस सारून अपील न्यायालयानें शस्त्रक्रिया करविली. जोसेफच्या बाबतींत उपचारानेंच पीडा व्हावयाची होती व रोग मरणाचा होता. ब्लूमिंग्टनच्या मुलाचा रोग दुरुस्त होणारा होता, आणि उपचार नाकारण्याचें खरें कारण त्याचें दिव्यांगत्व हेंच होतें. या दोहोंत जें अंतर आहे, तेंच या सर्व विषयाचें मर्म होय.

हें अंतर व्यवहारांत नेहमीं पाळलें जातें असें नाहीं. इंग्लंडांतील एका सरकारी चौकशीनें २०१३ सालीं दाखवून दिलें कीं, बौद्धिक दिव्यांग पुरुष इतर पुरुषांपेक्षां सरासरी १३ वर्षें, आणि स्त्रिया इतर स्त्रियांपेक्षां सरासरी २० वर्षें आधीं मृत्यु पावतात. यांपैकीं बऱ्याच मृत्यूंचें कारण असाध्य रोग हें नव्हतें. निदानास लागलेला उशीर, आणि, हें दुखणें त्याच्या मंदपणाचाच भाग असेल, अशी समजूत हीं कारणें त्यांत होतीं. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांगहक्क करारांत म्हणूनच एक कलम घातलें आहे : दिव्यांगत्वाच्या कारणावरून कोणास औषधोपचार, अन्न वा पाणी नाकारूं नये. भारतानें तो करार २००७ सालीं मान्य केला.

भारतांत हा प्रश्न मुंबईच्या एका रुग्णालयांतून देशापुढें आला, परंतु वेगळ्या रूपानें. केईएम रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ सालीं झालेल्या हल्ल्यानें मेंदूस इजा होऊन अंथरुणास खिळल्या. त्या जन्मतः बौद्धिक दिव्यांग नव्हत्या. पण त्यांच्या वतीनें बोलावयाचें कोणीं, हा प्रश्न तोच होता. त्यांचें अन्न थांबवावें असा अर्ज लेखिका पिंकी विराणी यांनीं केला. ७ मार्च २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, सदतीस वर्षें ज्यांनीं त्यांना भरविलें, न्हाऊ घातलें, ते रुग्णालयाचे कर्मचारीच त्यांचे खरे आप्त. आणि त्यांना अरुणा जगावयास हव्या आहेत. तो अर्ज फेटाळला गेला. यापुढें असा निर्णय उच्च न्यायालयाच्या संमतीनेंच व्हावा, असेंहि तेव्हां सांगण्यांत आलें. १८ मे २०१५ रोजीं अरुणा शानबाग फुप्फुसदाहानें वारल्या. २०१८ सालीं त्याच न्यायालयाच्या घटनापीठानें, जाणत्या मनुष्यास आपली अखेरची इच्छा आगाऊ लिहून ठेवतां येईल, असें मान्य केलें. मात्र ज्यानें कधीं लेखणी धरली नाहीं, त्याला या सवलतीचा उपयोग नाहीं. त्याच्यासाठीं १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणें पालक नेमण्याची सोय आहे. पण नेमलेला पालक आणि ओळखणारा पालक हे दोन नेहमीं एक असतातच असें नाहीं.

या प्रकरणांतून कांहीं प्रश्न निघतात आणि ते न्यायाधीशास जेवढे, तेवढेच घरांतल्या माणसांसहि लागू आहेत. रोग्याला थोडेंसें तरी समजतें काय, आणि समजेल अशा रीतीनें त्याला कोणी सांगून पाहिलें आहे काय? त्याच्या खुणा ओळखणारें माणूस कोण, आणि त्याला विचारलें काय? त्याच वयाच्या, त्याच रोगाच्या शहाण्या मनुष्यास डॉक्टरांनीं कोणता सल्ला दिला असता? सल्ला वेगळा असेल, तर तो उपचाराच्या वेदनेमुळें वेगळा आहे, कीं रोग्याच्या बुद्धीमुळें? या शेवटच्या प्रश्नाचें प्रामाणिक उत्तर मिळेपर्यंत हो किंवा नाहीं म्हणण्याची घाई करूं नये.

जोसेफ सायकेविचच्या खटल्यांत अधीक्षक, पालक, डॉक्टर आणि न्यायाधीश यांचीं मतें नोंदलीं गेलीं. त्याची स्वतःची अशी एकच साक्ष त्या कागदपत्रांत आहे : अनोळखी जागीं नेलें कीं तो गोंधळे आणि विरोध करी. सर्वोच्च न्यायपीठाचा परकायाप्रवेश अखेर त्याच एका खुणेवर टेकलेला होता. त्रेपन्न वर्षें सरकारच्या छपराखालीं काढलेल्या मनुष्याविषयीं याहून अधिक कांहीं सांगूं शकणारा एकहि साक्षीदार त्या दिवशीं पुढें आला नाहीं.